लेखकाचा मजकूर लेखकाच्या हाती



लेखक, प्रकाशक आणि मुद्रकांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात. कोल्हापुरात बोलायला उभे राहिल्यावर राजर्षी शाहू महाराजांना वंदन करून सुरुवात करायची ही इथली रीत आहे, आणि मी ती आनंदाने पाळतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. म्हणजे ग्रंथ जपणे या गावाला कुणी नव्याने शिकवायला नको.

अध्यक्षाने वर्षभरातल्या ग्रंथव्यवहाराचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. कागद किती महागला, ग्रंथालयांचे अनुदान कुठे अडले, नव्या आवृत्त्या किती निघाल्या, हे सगळे कालच्या परिसंवादात येऊन गेले. ते मी पुन्हा सांगत नाही. माझ्या मनात गेली कित्येक वर्षे एकच गोष्ट साचून राहिली आहे आणि असा माईक पुन्हा हाती येईल की नाही, कुणास ठाऊक. संगणकावर जुळवलेल्या बहुसंख्य मराठी पुस्तकांचा मजकूर आज कुणाच्याच ताब्यात नाही. मजकूर म्हणजे ज्यात शब्द शोधता येतो, चूक दुरुस्त करता येते, नवे प्रकरण घालता येते असा मजकूर. पुस्तक कपाटात आहे, ईपुस्तक दुकानात आहे, पीडीएफ मेलमध्ये आहे. मजकूर मागितला की प्रकाशक छापखान्याकडे बोट दाखवतो, छापखाना डीटीपीवाल्याकडे, आणि डीटीपीवाल्याने तो संगणक केव्हाच भंगारात घातलेला असतो.

मी धंद्यात आलो तेव्हा खिळे हाताने जुळवले जात. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून केसमधल्या आपापल्या घरात परत टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागायचे. दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा जुळणी, पुन्हा प्रुफे आणि पुन्हा नव्या चुका. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था उभी राहिली, संगणकावर भारतीय लिप्या आणणारे जिस्ट कार्ड आले, मग घरोघरी डीटीपी आले. आम्हा कंपोझिटरांना वाटले, आता एकदा टंकले की कायमचे झाले. मित्रहो, तसे काही झाले नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्कीसारखे राष्ट्रीय मानक होते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण आपण सगळे फाँटच्या मागे लागलो. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, आकृती, प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. पडद्यावर ‘क’ दिसायचा आणि आत साठलेले असायचे एखादे रोमन अक्षर. तो फाँट गेला की ती सगळी मराठी गेली.

नुसती अक्षरे बदलूनही हे सुटत नाही. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये तो दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: म, काना, मग पहिली वेलांटी, मग दुसरा म, त्यावर रफार, मग क. युनिकोडमध्ये तोच शब्द उच्चाराच्या क्रमाने येतो: म, काना, र, पाय मोडण्याचे चिन्ह, म, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी पुढे न्यायची आणि रफार मागे आणायचा. परिवर्तक हे काम बऱ्यापैकी करतात, पण जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की अडखळतात. प्रत्येक फाँटला वेगळी सारणी लागते, आणि फाइलचा फाँट कोणता होता हेच आठवत नसेल तर सगळा अंदाजाचा कारभार. त्यातच पाने जुळवायचे पेजमेकर. त्याची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि ती शेवटचीच ठरली. इनडिझाइनची सीएस६ आवृत्ती त्या फाइली उघडते, नंतरच्या उघडत नाहीत. आपल्या भागातली पंधरा-वीस वर्षांची ग्रंथनिर्मिती त्या फाइलींत अडकून पडली आहे.

काल एका प्रकाशक मित्रांनी विचारले, पीडीएफ आहे ना, मग काळजी कसली? त्यांना मी माझ्या समोर घडलेली गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इथल्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरले. माझ्या ओळखीच्या एका छापखान्यातले संगणक दोन दिवस पाण्याखाली होते. त्यांत चंदगडी बोलीवरच्या एका पुस्तकाच्या फाइली होत्या. लेखक निवृत्त शिक्षक. पहिल्या आवृत्तीच्या प्रतीत त्यांनी पानापानावर, समासात, पेन्सिलीने नवे शब्द लिहून ठेवले होते आणि दुसरी आवृत्ती त्यांना काढायची होती. पीडीएफ मेलमध्ये सापडली. सगळ्यांना हायसे वाटले. त्यातला एक परिच्छेद उचलून कोऱ्या पानावर चिकटवला तर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंसांची रांग उमटली. गुळापासून ऊस परत मिळत नाही, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. शेवटी सगळे पुस्तक पुन्हा टंकायला दिले, आणि टंकणाऱ्या मुलांनी बोलीतले शब्द प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून टाकले. वाईट हेतूने नव्हे, शाळेत तसेच शिकवले होते म्हणून. त्या शिक्षकांनी प्रुफे पाहिली आणि हात जोडून म्हणाले, दुसरी आवृत्ती राहू द्या. ती आजतागायत निघालेली नाही. पीडीएफ आहे ना, असे कुणी म्हटले की मला ते समास आठवतात.

तरुण मंडळी म्हणतात, आता ओसीआर इतके सुधारले आहे की पानाचा फोटो दिला की मजकूर मिळतो. मिळतो, आणि खिळ्यांवर छापलेल्या जुन्या ग्रंथांसाठी तोच मार्ग आहे. निर्णयसागरच्या टाइपातली पानेही आता बरीच वाचली जातात. पण एका कवितासंग्रहाचे असे प्रूफ मी स्वतः वाचले आहे. ‘घन’चे ‘धन’ झाले होते, ‘भान’चे ‘मान’. दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून शुद्धलेखन तपासणी गप्प. आणि कवितेत ‘धन’ही खपून जाते! ओळ ज्याला पाठ आहे, त्याच्याच ते ध्यानात आले. जे पुस्तक संगणकावरच जन्मले, त्याचा आधी फोटो काढायचा आणि मग यंत्राला तो वाचायला लावायचा, हे मला कधीही पटणार नाही.

आता ईपुस्तकांकडे येतो, कारण आशा तिथे आहे. अॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आणली. त्याच्या मागेपुढे आपल्याकडच्या अनेक प्रकाशकांनी ईपब करून घेतले. पुष्कळांना ठाऊक नाही की आज त्यांच्या घरात जर कुठे जिवंत युनिकोड मजकूर असेल, तर तो या ईपबमध्येच आहे. नक्कल रोखणारे कुलूप नसलेली ईपब फाइल घ्या, तिची एक प्रत काढा आणि नावाच्या शेवटी ईपबऐवजी झिप लिहा. फाइल उघडते. आत प्रकरणवार पाने असतात, वेबपानांच्याच भाषेत लिहिलेली, आणि त्या पानांत सरळ देवनागरी. लिबरऑफिस हे फुकटचे सॉफ्टवेअर वापरते त्या ओडीटी फाइलीचेही असेच आहे: झिप उघडली की मजकूर एका फाइलीत, शैली दुसरीत. ओडीटी ज्या ओपन डॉक्युमेंट मानकात बसते ते २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. ते कुणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. त्याची रचना छापून जाहीर झालेली आहे, ती वाचून पन्नास वर्षांनीही कुणीतरी ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर लिहू शकेल.

एकातून दुसऱ्यात जाण्याची साधने फुकट आहेत. पँडॉक ईपबची थेट ओडीटी करून देते. कोविद गोयल यांचे कॅलिबर ओडीटी देत नाही, पण डॉक्स देते. ती लिबरऑफिसमध्ये उघडून ओडीटी म्हणून जतन करता येते. हे यंत्राचे काम काही मिनिटांचे. पुढचे काम आपले, आणि ते मन लावून करायचे आहे. कवितेची प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन बसते, कडवी कुठे तुटतात ते कळेनासे होते. तळटिपा प्रकरणाच्या शेवटी जाऊन पडतात. मथळे नुसते ठळक अक्षरांत असतात, त्यांना मथळ्याची शैली द्यावी लागते, नाहीतर अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही. आणि ‘वाऱ्यावर’! त्यातला अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. कुणी नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडतो. कुणी साधा र घेतो, पाय मोडतो आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवतो. फाइलीची सफाई करताना ते न दिसणारे चिन्ह उडाले की ‘य’वर रफार चढतो आणि ‘वार्यावर’ उरते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांनो’, सगळ्यांची तीच गत. म्हणून परिवर्तन झाल्यावर सर्वांत आधी मी हा र शोधतो, सगळीकडे एकच रीत करतो, मग पुढे जातो.

काही ईपब मात्र नावापुरतेच ईपब असतात. आत प्रत्येक पानाचे चित्र, किंवा जुना फाँट कोंबून बसवलेला आणि त्याखाली तीच रोमन अक्षरे. प्रकाशकांनो, पैसे मोजण्यापूर्वी एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा. मराठी उमटली तरच बिल चुकते करा.

वर्डच्या फाइलीत काय वाईट, तीही २००८ पासून मानक आहे, असे कालच्या चर्चेत कुणीतरी म्हणाले. माझ्याकडे दोन्ही तऱ्हेच्या जुन्या फाइली आहेत. वर्डच्या जुन्या फाइलींत कोष्टके सरकली, क्रमांक बदलले. ओडीटीतली पुस्तके मी ठेवली तशी उघडतात. माझ्यापुरता तो वाद संपला.

आणि चोरीचे भय. खुला मजकूर दिला तर पुस्तक उद्या व्हॉट्सअॅपवर फिरेल, असे प्रकाशक मला वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. फिरते ते काय, हे मी पाहिले आहे: मोबाइलने काढलेले पानांचे फोटो, कडेला अंगठा दिसणारे. चोराला तुमची ओडीटी लागतच नाही. कुलपाबाहेर राहतो तो लेखक. एका लेखिकेने स्वतःच्याच कादंबरीतली एक तारीख दुरुस्त करण्यासाठी मजकूर मागितला, तर तिला सांगण्यात आले की दुकानातली प्रत विकत घ्या. ती प्रतही कुलपातली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे गुन्हा ठरले. म्हणून कुलूप तोडण्याचा सल्ला मी देत नाही. कुलूप लावण्यापूर्वीची फाइल लेखकाला द्या, एवढेच मागतो.

त्याच वर्षी त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आली. दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग वाचकांसाठी वाचता येईल अशी प्रत काढायला परवानगी मिळाली. अशाच प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश, जून २०१४ मध्ये. कायदा आहे, करार आहे, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे फुकटचे एनव्हीडीए आहे. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका दृष्टिहीन मुलाच्या शेजारी बसून मी ऐकले आहे की आपल्या पुस्तकांच्या पीडीएफवर ते यंत्र काय बोलते. इंग्रजी अक्षरांची निरर्थक बडबड. तो मुलगा हसून म्हणाला, काका, हे असेच असते. मला त्या क्षणी आपल्या सगळ्या धंद्याची लाज वाटली. तो पुस्तक विकत घ्यायला तयार होता!

शेवटी पुढच्या कामाचे बोलतो. कवी माधव जूलियन याच गावात राजाराम कॉलेजात फारसी शिकवत. वृत्तांवरच्या ‘छंदोरचने’ने त्यांना मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळवून दिली. १९३९ साली ते गेले. साठ वर्षांच्या नियमाने २००० सालापासून त्यांचे लेखन सर्वांचे झाले. वृत्तांच्या लघु-गुरूंच्या मांडणीसह तो ग्रंथ खुल्या, शोधता येणाऱ्या, दुरुस्त होणाऱ्या मजकुरात कोल्हापुरानेच सिद्ध करावा, असे मला फार वाटते. विद्यापीठ, वाचन मंदिर, आपण मुद्रक, कुणी कोणता भाग घ्यायचा ते बसून ठरवू. जुन्या फाँटांच्या सारण्या एकत्र करायच्या आहेत. लेखक-प्रकाशक कराराचा नमुनाही करायला हवा. त्यात एक कलम: पुस्तक छापायला गेल्यापासून महिन्याच्या आत अंतिम मजकूर युनिकोडमध्ये, ओडीटीत, लेखकाला मिळेल. वकील मित्रांनी भाषा नीट करून द्यावी.

मी उद्या संध्याकाळपर्यंत इथेच आहे. ज्यांच्या घरी जुन्या सीडी, फ्लॉपी, पेजमेकरच्या फाइली असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात, आणि फाँटचे नाव आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून आणावे. छापील पुस्तकाची एक प्रतही बरोबर असू द्या, ताडून पाहायला लागेल.