उतारवयातील वाहनचालक व आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावरून वधूवर-परिचय, गुणवंतांचा सत्कार, शिष्यवृत्ती निधी इत्यादी विषयांचा ऊहापोह दरवर्षी होतो व तो व्हावयासच पाहिजे. आज मी जो विषय मांडणार आहे तो ऐकून कित्येकांना वाटेल की, हा विषय आरटीओच्या कचेरीत शोभला असता, ज्ञातिमंडळात त्याचे काय काम? परंतु सभागृहाबाहेरील आवाराकडे क्षणभर दृष्टी टाकावी. तेथे उभ्या असलेल्या दुचाक्यांपैकी बऱ्याचशा साठी ओलांडलेल्या सभासदांनी आणलेल्या आहेत, आणि आपली सभा आटोपेल तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असेल. महाल, सक्करदरा, अजनी, धरमपेठ अशा चारी दिशांना ही मंडळी अंधारातून परततील. कोणाच्या मागे पत्नी बसलेली असेल, कोणाच्या पुढे नातू उभा असेल. ही सर्व आपलीच माणसे आहेत. मंडळाने त्यांचा विचार करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

या विषयावर घरोघरी जे घडते ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता गाडी बंद करा.’ वडील म्हणतात, ‘तुझ्या जन्माआधीपासून चालवतो आहे.’ सून मधे पडत नाही, कारण मधे पडले तर दोन्हींकडून बोलणी. शेवटी एके दिवशी किल्ली खुंटीवरून नाहीशी होते, किंवा याच्या उलट, वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून कोणी अवाक्षर काढीत नाही आणि मग मेडिकलच्या अपघात विभागातून फोन येतो. हे दोन्ही मार्ग मला सारखेच अनिष्ट वाटतात. निवृत्त माणसाची गाडी ही चैन नव्हे. बँक, औषधे, बर्डीवरचा बाजार, आजारी बहिणीचा समाचार, नातवाची शाळा ही सारी कामे त्या दोन चाकांवर चालतात. ती काढून घेतली की, काल जो मनुष्य चार जणांची कामे करीत होता तो आज स्वतःच्या गोळ्यांच्या पाकिटासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहत बसतो. ही मानहानी लहान नाही. परंतु तिच्या भीतीने डोळे झाकून घेणे हेही शहाणपणाचे नाही.

प्रथम डोळ्यांचाच विचार करू. साठीच्या माणसाच्या बाहुलीतून व भिंगातून डोळ्याच्या पडद्यापर्यंत जो प्रकाश पोहोचतो, तो विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो, असे नेत्रविज्ञान सांगते. चष्मा कितीही बिनचूक असला तरी ही उणीव भरून निघत नाही. समोरून प्रखर दिवा आला की तरुणाचे डोळे चटकन सावरतात. आपणांस काही क्षण नुसते पांढरे दिसते, आणि नेमक्या त्याच क्षणी गाय, खड्डा वा सिमेंट रस्त्याची उंच कड पुढ्यात येते. आपल्या नागपुरातील सिमेंटच्या रस्त्यांची ही कड वृद्ध दुचाकीस्वाराचा मोठा शत्रू आहे. चाक एकदा खाली उतरले आणि तिरपे वर घेऊ गेले की गाडी आडवी झालीच. मोतीबिंदूची जाणीव निदान रोग्यास होते. काचबिंदू मात्र बाजूची दृष्टी इतक्या गुपचूप कमी करीत जातो की, रोग्याला पत्ता लागत नाही. समोरचे फळ्यावरील अक्षर स्वच्छ दिसते, आणि डावीकडून येणारी बस दिसत नाही.

परवान्याच्या अर्जात दृष्टीची एक सोपी कसोटी आहे. स्वच्छ दिवसा, लागत असल्यास चष्मा लावून, २५ मीटरवरील मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक ओळखता आला पाहिजे. २५ मीटर म्हणजे साधारण पस्तीस पावले. उद्या सकाळी आपल्या गल्लीत पावले मोजून हा प्रयोग प्रत्येकाने करावा. परंतु ही कसोटी दिवसाची आहे, आणि आपली अडचण सुरू होते ती सायंकाळी, हे विसरू नये.

आता थोडे गणित. जुनी सवय आहे, क्षमा असावी. तासाला ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. संकट दिसल्यापासून ब्रेक आवळला जाईपर्यंत तरुणाला एक सेकंद लागला व आपणांस दोन लागले, असे उदाहरणादाखल धरू. म्हणजे आपले वाहन ब्रेक लागण्यापूर्वीच २२ मीटर गेलेले असेल. तोच वेग २० वर आणला तर दोन सेकंदांत अंतर पुन्हा ११ मीटर होते. वयाने जे नेले ते वेग कमी करून असे परत मिळविता येते. मात्र यावरून ‘मी हळू चालवितो, म्हणून मी सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष काढू नये. भर वर्धा रोडवर रस्त्याच्या मध्यभागातून २० च्या वेगाने जाणारा मनुष्य मागून येणाऱ्यांच्या दृष्टीने अडथळाच असतो. वेगाबरोबर वेळ, रस्ता आणि रस्त्यावरील आपली जागाही निवडावी लागते. विशेषतः उजवीकडे वळणे हे कृत्य उतारवयात कठीण होते, कारण त्यात समोरून येणाऱ्याचा वेग जोखणे, मागे मान वळवून पाहणे व तोल सांभाळणे ही तिन्ही कामे एकाच क्षणी करावी लागतात. मान वळत नसेल तर दोन्ही आरसे हवेत. आणि मनाचा निश्चय होत नसेल तर पुढे जाऊन सिग्नल असलेल्या चौकातून वळण घ्यावे. पाच मिनिटे अधिक लागली तर निवृत्त माणसाचे काय बिघडते?

यापेक्षाही माझ्या मते महत्त्वाची, परंतु कोणी न बोलणारी गोष्ट सवयीची आहे. आपल्या पिढीचे आयुष्य बजाज चेतकवर गेले. त्या गाडीचा डाव्या मुठीवरचा दांडा क्लचचा होता, गिअर तेथेच हाताने फिरवावे लागत आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाखाली होता. आज मुलाने वा मुलीने प्रेमाने घेऊन दिलेल्या बिनगिअरच्या स्कूटरवर डावा दांडा ब्रेकचा आहे आणि पायाखाली काहीच नाही. नित्याच्या वाटेने जाताना हे लक्षात राहते. परंतु कुत्रे आडवे आले की तीस वर्षांचा पाय आपल्या जुन्या जागी जाऊन पावदान दाबीत बसतो! विजेवरच्या स्कूटरची तऱ्हा आणखी निराळी: आवाज नाही, आणि मूठ जरा अधिक पिळली की उडी. नवे वाहन घरी येते तेव्हा त्याची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. चालविणाऱ्याने चार दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा, असे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

कायदा या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्यास परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो, व चाळिशीनंतर डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तथापि मुदत संपून वर्षाहून अधिक काळ गेलेला नसेल, तर नूतनीकरणास गाडी चालवून दाखवावी लागत नाही. म्हणजे विसाव्या वर्षी आठचा आकडा काढून दाखविला, तो सत्तरीपर्यंत पुरतो. धरमपेठेत मुलांना रहदारीचे नियम शिकविण्यासाठी ट्रॅफिक पार्क आहे. आजोबा नातवाला तेथे घेऊन जातात. आजोबांना शिकविणारी जागा मात्र या शहरात माझ्या पाहण्यात नाही.

इतर देशांत काय चालते ते थोडक्यात सांगतो. जपानमध्ये सत्तरी गाठलेल्या चालकास परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी विशेष वर्गास बसावे लागते, व पंचाहत्तरीपासून स्मरणशक्ती आणि आकलन यांची चाचणी द्यावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या एका चालकाच्या मोटारीखाली एक तरुण माता व तिची तीन वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. ब्रेक लागला नाही, असे त्याचे म्हणणे होते; न्यायालयाने २०२१ मध्ये निर्णय दिला की, त्याने ब्रेकऐवजी वेगाचे पेडल दाबले होते. आपल्या चेतकची गोष्ट मी मघाशी उगाच सांगितली नाही. त्या वर्षी जपानात सहा लाखांवर लोकांनी आपले परवाने आपण होऊन परत केले, व २०२२ पासून गंभीर नियमभंग केलेल्या पंचाहत्तरीपुढील चालकांस प्रत्यक्ष गाडी चालवून दाखविणे आवश्यक झाले.

अमेरिकेतील उदाहरण आपणांस अधिक जवळचे वाटेल. तेथे एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने १९५८ मध्ये ज्येष्ठांची एक संघटना स्थापन केली, आणि १९७९ पासून ती संघटना वयस्क चालकांचे वर्ग घेत आली आहे. शिकविणारे बहुधा स्वयंसेवक असतात. वर्गाच्या शेवटी परीक्षा नाही, नापास होण्याची धास्ती नाही. समवयस्कांनी समवयस्कांना सांगावे, ही त्यातील मुख्य युक्ती. पुढे जी संशोधने झाली त्यांवरून असे दिसले की, नुसत्या वर्गाने माहिती वाढते, पण चालविण्यात सुधारणा होण्यास प्रत्यक्ष रस्त्यावरचा सराव जोडावा लागतो. शिक्षकास हे सांगावयास संशोधनाची गरज नव्हती. पोहण्यावर निबंध लिहून कोणी पोहावयास शिकलेला नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, मंडळाने येत्या वर्षापासून साठीपुढील सभासदांसाठी दोन सकाळींची कार्यशाळा भरवावी. पहिल्या सकाळी ज्ञातीतील नेत्रवैद्यांनी डोळे तपासावेत. केवळ नंबर पाहू नये, बाजूची दृष्टी व डोळ्यांतील दाबही पाहावा. एखाद्या डॉक्टरांनी प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी वाचावी. सर्दीच्या व झोपेच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही औषधांनी उठताना भोवळ येते, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने न्याहारीवाचून गाडीवर बसणे धोक्याचे आहे. ही गोष्ट औषध देतेवेळी सांगितली जातेच असे नाही. दुसऱ्या सकाळी मोकळ्या मैदानात प्रत्येकाने आपलीच गाडी चालवावी: हळू वेगात तोल सांभाळणे, दोन्ही ब्रेक एकदम लावून थांबणे, मान वळवून उजवीकडे वळणे. नंतर एक अनुभवी प्रशिक्षक मागे वा शेजारी बसवून नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी. आपल्या शहरात ‘जनआक्रोश’ ही रस्ता-सुरक्षेसाठी झटणारी संस्था आहे. तिच्या कार्यकर्त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत व ती चौकाचौकांत उभी राहून लोकांस समजावीत असतात. त्यांना बोलावल्यास ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

भगिनींनीही यावे. ज्या स्वतः चालवितात त्यांनी तर यावेच, पण मागे बसणाऱ्यांनीही यावे. एका बाजूस पाय सोडून, पदर वाऱ्यावर व हेल्मेटवाचून बसणे ही आपली रीत झाली आहे. २०२२ या वर्षी देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकी अपघातांत दगावली, त्यांपैकी १४,३३७ मागे बसणारी होती. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. तरुण पडतो, कपडे झटकून उठतो. आपण पडलो की खुब्याचे हाड जाते व अंथरूण धरावे लागते. चार वर्षांखालील नातवंडास दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट व चालविणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग ४० च्या वर नको, असा नियम झालेला आहे. तो आजी-आजोबांपर्यंत अद्याप पोहोचलेला दिसत नाही.

कार्यशाळेत कोणास उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवू नये. प्रत्येकास एकांतात स्पष्ट सांगावे: आपण निर्धास्त चालवा, आपण फक्त दिवसा व ओळखीच्या रस्त्याने चालवा, आपण आता थांबावे. हे तिसरे वाक्य मुलाच्या तोंडून आले तर भांडण होते. तेच एखाद्या समवयस्क, जाणत्या माणसाने हातात हात घेऊन सांगितले तर मनास पटते. परंतु सांगून मंडळाची जबाबदारी संपत नाही. नागपुरात २०१९ पासून मेट्रो धावते व डिसेंबर २०२२ पासून तिचे चारही बाजूंचे मार्ग सुरू आहेत; पंचाहत्तरी ओलांडलेल्यास एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे. अडचण आहे ती घरापासून स्टेशनापर्यंतच्या मैलभराची. ज्याने किल्ली ठेवली त्याच्या वस्तीतील दोन तरुण सभासदांनी आठवड्यातून एकदा त्याची बाहेरची कामे करून द्यावीत, आणि मंडळाच्या कार्यक्रमास त्याला आणण्या-पोहोचविण्याची व्यवस्था चिटणिसांनी करावी. ही व्यवस्था आधी, कार्यशाळा नंतर. तसे झाले नाही तर थांबा म्हणण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही, आणि कोणी ऐकणारही नाही.

खर्च फार नाही. सभागृह आपले, वैद्य आपले. प्रशिक्षकाचे मानधन, मैदानाचे भाडे व चहा-फराळ एवढेच. जेवणावळीतील एक पक्वान्न कमी केले तरी भागेल, अर्थात् हे मत माझे एकट्याचे आहे व भोजन समितीने राग मानू नये.

ज्यांची इच्छा असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयात नाव नोंदवावे. येताना परवाना, चष्मा, घेत असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या व हेल्मेट बरोबर आणावे, आणि रोज जी गाडी चालविता तीच आणावी. सभा संपल्यावर ज्यांना रात्री चालविण्याची शंका वाटत असेल त्यांनी फाटकापाशी थांबावे. मोटारी घेऊन आलेल्या चार सभासदांनी पोहोचविण्याचे मान्य केले आहे. आपल्या दुचाक्या रात्रभर आवारात सुरक्षित राहतील, रखवालदारास सांगून ठेवले आहे.