कवडीमोल म्हणजे टाकाऊ नव्हे

देहूरोडहून तळवड्यामार्गे चाकणच्या कांदा बाजारात गेलात आणि भाव पडलेला असला, तर एक शब्द हमखास कानावर येतो: कवडीमोल. समोर पिशवीत कांदा असतो लालबुंद, टणक, वाळलेला. माल खणखणीत असतो, मिळणारा भाव मात्र तुटपुंजा.

या शब्दाचं मर्म नेमकं इथे आहे. सडका कांदा टाकाऊ. त्याला सहसा कुणी कवडीमोल म्हणत नाही. भिजून वाया गेला, तर तो मातीमोल झाला. कवडीमोल ठरतं ते चांगलं, पण योग्य दाम न मिळालेलं. म्हणून हा शब्द बहुधा भाव, दर, किंमत यांच्या जोडीनं येतो. ‘कवडीमोल भावात जमीन गेली’, हे वाक्य कारखान्यांच्या या पट्ट्यात किती घरांत ऐकू येतं!

या शब्दातली कवडी हे एके काळी खरंखुरं चलन होतं. मालदीवच्या समुद्रातून कवड्या भारतात येत. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त कोष्टकच आहे: 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या! सर्वांत लहान चलन म्हणून कवडी क्षुल्लक किमतीची खूण बनली. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात मात्र कवड्यांच्या माळेला आजही मान आहे.

तेव्हा श्रोतेहो, एखाद्याच्या मालाला किंवा कष्टाला कवडीमोल म्हणताना दोष भाव देणाऱ्याकडे जातो, हे ध्यानात असू द्या.