घरची नांवनिशी

नांवानें ओळखावें ही माणसाची रीत. आंकड्यानें शोधावें ही यंत्राची. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता असतो. असे पत्ते पाठ करणें माणसाच्या स्वभावांत नाहीं, म्हणून नांव घेतांच पत्ता सांगणारी एक व्यवस्था अस्तित्वांत आली. तिला डी. एन. एस. म्हणतात. ही व्यवस्था दूरदेशीं, मोठ्या कंपन्यांच्या इमारतींतच असावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. तिची लहानशी शाखा कोणाही गृहस्थास आपल्या घरांत थाटतां येते. हा केवळ हौसेचा भाग नव्हे. घरांतील नांवांवर सत्ता कोणाची, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

आरंभीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यावर यंत्रें थोडीं होतीं. त्यांच्या नांवांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं राही, व ज्यास हवी त्यानें तिची नक्कल उतरवून न्यावी असा प्रघात होता. यंत्रें वाढलीं, तसा हा भार एका यादीस पेलेना. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं निराळी रचना मांडली. सर्व नांवें एका ठिकाणीं ठेवूं नयेत. ज्याचा मुलूख त्यानें आपली नांवनिशी सांभाळावी, आणि वरच्यानें खालच्याचा ठिकाणा तेवढा सांगावा. आपल्याकडील जुन्या मुलकी कारभारांत गांवचें दप्तर कुलकर्ण्यापाशीं असे, तशांतलाच हा प्रकार. मग गांवास जें लागू, तें घरास कां नसावें?

आजच्या घरांत संगणक, दोन-चार मोबाईल, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, छायाचित्रें सांठविण्याचें यंत्र, असा बराच परिवार असतो. राउटर त्यांस बहुधा १९२.१६८ या अंकांनीं सुरू होणारे पत्ते वांटून देतो. असे पत्ते खाजगी वापरासाठीं राखून ठेवलेले असून घराबाहेर त्यांस कांहीं अर्थ नाहीं. म्हणून घरांतील प्रिंटर कोठें आहे हें बाहेरच्या डी. एन. एस.ला विचारणें, म्हणजे परगांवच्या टपालवाल्यास आपल्या माजघरांतील फडताळ विचारण्यासारखें आहे. त्याचें उत्तर घरांतच मिळालें पाहिजे.

यासाठीं सदैव चालू राहील असें एक लहान यंत्र पुरतें. २०१२ सालीं विक्रीस आलेल्या रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही हें काम सहज करतो; कित्येक राउटरांत तर ही सोय मुळांतच असते. सायमन केली यांनीं लिहिलेला डी. एन. एस. मास्क हा विनामूल्य प्रोग्रॅम पत्ते वांटणें व नांवें सांगणें हीं दोन्ही कामें करतो. प्रथम या यंत्रास न बदलणारा पत्ता द्यावा. मग घरांतील इतर यंत्रांचे पत्ते कायम करून प्रत्येकापुढें त्याचें नांव लिहावें. शेवटीं राउटरच्या मांडणींत असें नमूद करावें कीं, घरांतील सर्वांनीं नांवें विचारावयाचीं तीं याच यंत्रास. त्यास ठाऊक नसलेलें नांव तें बाहेर विचारतें, आणि आलेलें उत्तर ठराविक मुदतीपर्यंत लक्षांत ठेवतें. बाहेरची तार तुटली तरी घरांतील यंत्रें एकमेकांस सांपडत राहतात, हा यांतला मोठा लाभ.

दुसरा लाभ खाजगीपणाचा. घरांतून विचारलेलें प्रत्येक नांव ज्याच्याकडे जातें, त्यास त्या घराच्या आवडीनिवडी व चिंता आपोआप कळतात. रात्रीं कोणत्या रोगाची माहिती शोधली, हेंही त्यांत आलें. घरचें यंत्र असल्यास कोणास विचारावें हें घरधन्यास ठरवितां येतें. नेदरलंड्समधील एन. एल. नेट लॅब्ज या संस्थेचा अनबाउंड हा प्रोग्रॅम तर १३ मूळ केंद्रांपासून आरंभ करून पायरीपायरीनें उत्तर शोधूं शकतो. त्यामुळें बाहेरच्या एकाच मध्यस्थाच्या हातीं सर्व यादी पडत नाहीं. मात्र हे प्रश्न साधारणतः उघड्या पत्रासारखे जातात, तेव्हां तार पुरविणारी कंपनी ते वाटेंत वाचूं शकते, हें विसरतां कामा नये.

नांवें निवडतांना सावधगिरी हवी. जर्मनींतील ए. व्ही. एम. कंपनीच्या राउटरांस घरांतून फ्रिट्झ डॉट बॉक्स या नांवानें हांक मारण्याची चाल वर्षानुवर्षें होती. पुढें डॉट बॉक्स हा मुलूख बाहेरच्या जगांत खरोखरच निर्माण झाला, आणि २०२४ च्या जानेवारींत भलत्याच कोणीं तें नांव नोंदवून घेतलें. जीं यंत्रें राउटरास न विचारतां बाहेर पत्ता विचारीत, तीं परक्याच्या पानावर जाऊं लागलीं. कंपनीस जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागून तें नांव मिळवावें लागलें. असा प्रसंग टाळण्यासाठीं होम डॉट आर्पा हा शेवट २०१८ सालीं घरगुती जाळ्यांसाठींच राखून ठेवला आहे. डॉट लोकल मात्र निराळ्या पद्धतीसाठीं राखलेला असल्यानें तो येथें वापरूं नये.

सत्तेबरोबर जबाबदारी येते. हें यंत्र थांबलें कीं तार शाबूत असूनही सारें घर म्हणतें, “इंटरनेट बंद पडलें.” म्हणून पुष्कळ जण दुसरा पत्ता बाहेरच्या डी. एन. एस.चा देऊन ठेवतात. पण त्यानें घोटाळाच होतो. दुसरा पत्ता अडीअडचणीपुरताच आहे असें यंत्रें मानीतच नाहींत. तीं वाटेल तेव्हां त्यासही विचारतात, आणि घरचें नांव घटकेंत सांपडतें, घटकेंत हरवतें. दुसरें यंत्र ठेवावयाचें तर तेंही घरचें व त्याच नांवनिशीचें असावें. तसेंच या सेवेचें ५३ क्रमांकाचें द्वार बाहेरच्यांस कधींही उघडूं नये. खोट्या परतपत्त्याचे प्रश्न पाठवून तिसऱ्यावरच उत्तरांचा मारा करण्यास परके लोक त्याचा उपयोग करतात.

राहतां राहिली एक गोष्ट. हें सर्व ज्ञान बहुधा घरांतील एकाच्याच डोक्यांत असतें. तो परगांवीं गेला, आजारी पडला, किंवा राहिलाच नाहीं, तर मागच्यांनीं काय करावें? यंत्रांची यादी, पत्ते, आणि ही व्यवस्था काढून राउटर पूर्ववत् कसा करावा याच्या चार ओळी कागदावर लिहून त्या राउटराजवळ ठेवाव्या, आणि घरांतील आणखी एकाकडून एकदां तरी प्रत्यक्ष करून घ्याव्या. इतकें झालें, म्हणजे ती नांवनिशी खरोखर घरची झाली.