एका मोठ्या संख्येची गोष्ट
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



गणित म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही आज मी आपणास एका संख्येची ओळख करून देणार आहे. हाताशी कागद-पेन्सिल असू द्यावी, एवढीच विनंती.

२ ही संख्या घ्या. तिचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशी माळ तयार होते. प्रत्येकीत १ मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही.

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायालयात अधिकारी असलेल्या पिएर द फर्मा याला गणिताचा नाद होता. ही माळ कितीही वाढविली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल, असे मत त्याने १६४० साली एका पत्रात मांडले. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले.

माळेतील सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव हाताने कोण शोधणार? जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १७२९ साली गोल्डबाखने पत्र लिहून ऑयलरचे या मताकडे लक्ष वेधले. १७३२ साली पंचविशीतल्या ऑयलरने दाखवून दिले :

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

हा गुणाकार आपण स्वतः करून पाहावा. पुढे ऑयलरने वाटही सांगितली. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले असता बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच काम झाले! आजवर या माळेत पहिल्या पाचांपलीकडे एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

हे मी का सांगतो आहे? नोकरीच्या पहिल्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, हे कशावरून?" उत्तर मला येत नव्हते. "पुस्तकात आहे, लिहून घे," असे म्हणून मी त्याला खाली बसविले. वर्ग हसला. पुढे वर्षभर त्या मुलाने हात वर केला नाही. ते नुकसान मला आता भरून देता येणार नाही.

फर्मा थोर होता. एका चुकीने त्याची थोरवी उणावली नाही. पण पाच उदाहरणे बरोबर आली म्हणून सहावे बरोबर येईलच असे नाही, आणि थोर माणसाचे म्हणणेही ताडून पाहावेच लागते.

पालकहो, मूल घरी "कशावरून?" असे विचारील तेव्हा त्याच्यावर रागावू नका. उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण करून पाहू," असे म्हणा. मीही आता वर्गात तसेच म्हणतो. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.