गादीचा वाद आणि एक रोजनिशी



एखाद्या पंथाचा संस्थापक आपल्यामागची व्यवस्था निर्विवादपणे लावून न देता निवर्तला, की अनुयायांपुढे गादीचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील मॉर्मन पंथावर हा प्रसंग १८४४ साली ओढवला. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात शिरलेल्या सशस्त्र जमावाने त्यांची व त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली. मिसिसिपी नदीकाठचे नॉवू हे पंथाचे नगर एका दिवसात पोरके झाले.

या काळाचा एक मोलाचा साक्षीदार म्हणजे विल्फर्ड वुड्रफ यांची रोजनिशी. कनेक्टिकटमधील एका गिरणीवाल्याचे हे चिरंजीव १८३३ च्या अखेरीस पंथात आले आणि १८३९ मध्ये बारा प्रेषितांच्या मंडळात दाखल झाले. १८९८ मध्ये निधन होईपर्यंत, साठांहून अधिक वर्षे, त्यांनी आपला दिनक्रम लिहून ठेवला. वर्षअखेरीस किती मैल प्रवास झाला, किती सभा घेतल्या, याचा हिशेबही ते मांडीत.

हत्येच्या वेळी बहुतेक प्रेषित पूर्वेकडील राज्यांत प्रचारकार्यावर होते. वुड्रफ यांना ही वार्ता ९ जुलै रोजी मेन राज्यातील पोर्टलंड येथे कळली. पुढे बोस्टनमध्ये मंडळाचे प्रमुख ब्रिगम यंग भेटले, तेव्हा आठवडाभर आवरून धरलेले अश्रू आपण तोंड झाकून मोकळे केले, अशी नोंद त्यांनी केली आहे.

प्रेषित नॉवूस परतले, तोवर सिडनी रिग्डन तेथे पोहोचले होते. स्मिथ यांच्या सर्वोच्च सल्लागार-मंडळातील हयात ज्येष्ठ सदस्य या नात्याने, आपल्याला पंथाचे पालक नेमावे, असे त्यांचे म्हणणे होते. ८ ऑगस्ट १८४४ रोजी मोठी सभा भरली. सकाळी रिग्डन बोलले. दुपारी यंग यांनी सांगितले, की जोसेफची जागा कोणी घेऊ शकत नाही. मात्र अधिकाराच्या किल्ल्या त्यांनी बारा जणांकडे सोपविल्या आहेत. समुदायाने हात वर करून बारांच्या बाजूने कौल दिला.

पुढे या सभेविषयी एक कथा पंथात दृढ झाली. यंग बोलू लागले तेव्हा त्यांचा चेहरा व आवाज साक्षात जोसेफ यांचाच झाला, असे शंभराहून अधिक जणांनी नंतर सांगितले. त्यांत वुड्रफ हेही होते. डोळ्यांनी यंगना पाहिले नसते, तर बोलणारे जोसेफ नव्हेत हे आपणास कोणीही पटवू शकले नसते, असे ते १८७२ च्या एका प्रवचनात म्हणाले. मात्र त्यांच्या त्या दिवसाच्या नोंदीत यंग यांचे भाषण विस्ताराने आहे, मतदान आहे. रूपांतराचा उल्लेख नाही. १८४५ साली इंग्लंडमधील पंथाच्या नियतकालिकात त्यांनी एवढेच लिहिले, की जोसेफचा झगा यंग यांच्यावर आल्याचे लोकांना दिसून आले. एलीयाचा झगा अलीशाकडे गेला, त्या बायबलमधील कथेची ही भाषा आहे. जे १८४५ मध्ये रूपक म्हणून वाचता येते, ते १८७२ मध्ये डोळ्यांदेखतची घटना झाले आहे.

यावरून वुड्रफ यांच्यावर असत्याचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. मौन हा अभावाचा पुरावा नव्हे. परंतु मराठी इतिहाससंशोधनात राजवाडे यांनी बखरीहून समकालीन अस्सल पत्राला अधिक वजन दिले, तो विवेक येथेही उपयोगी पडतो. बखर एखाद्या समाजाने आपला भूतकाळ कसा जपला ते सांगते. त्या दिवसाचा कागद, त्या दिवशी काय टिपण्याजोगे वाटले ते सांगतो. नॉवूच्या लोकांनी शोकात असूनही दोन्ही पक्ष ऐकले, मग हात वर केले. चमत्काराच्या कथेत हा त्यांचा स्वतःचा निर्णय झाकला जातो. रोजनिशीत तो शाबूत आहे.

वाद तेथे संपला नाही. जेम्स स्ट्रँग यांनी विस्कॉन्सिनमध्ये वेगळा गट उभारला. १८६० मध्ये जोसेफ यांच्या पुत्राच्या नेतृत्वाखाली आणखी एक शाखा संघटित झाली. यंग यांच्यामागे गेलेले लोक १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसले. १८८९ मध्ये स्वतः वुड्रफ त्या पंथाचे अध्यक्ष झाले.

रूढ कथेला दुजोरा न देणाऱ्या या वह्या पंथाच्याच दप्तरखान्याने जपल्या. १९८३ पासून त्यांची प्रत नऊ खंडांत प्रसिद्ध झाली आणि अभ्यासकांना १८४४ ची नोंद १८७२ च्या आठवणीशेजारी ठेवून वाचता आली. ग्रंथसंग्रहाचे खरे कार्य हेच आहे. आपल्या समजुतीला सोयीचा नसलेला कागदही त्याने पुढच्या वाचकासाठी राखून ठेवावा.