डबीवर पत्ता नसेल, तर मागे गटाचं नाव नको

(आणे येथे ग्रामसंघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या मैत्रिणी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



बचत, कर्ज, परतफेड हे आपले नेहमीचे विषय. आज मी चेहऱ्याला लावायच्या क्रीमविषयी बोलणार आहे. हा विषय बैठकीत कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे या क्रीमचा पैसा आपल्याच घरातून जातो. दुसरं म्हणजे, "गटातल्या बायकांनी आमचं क्रीम विकावं, चांगलं कमिशन देऊ" अशी विचारणा आता गटांकडे होते. गटाची ताई विकतेय म्हणजे माल खात्रीचा, असं गाव धरून चालतं. तो विश्वास आपण कोणाला वापरू द्यायचा, हे आपणच ठरवायला हवं.

आधी जाहिरातीचं बघू. गोरेपणाचं वेड जाहिरातींनी आणलं, असं मी म्हणणार नाही. ते आपल्या घरात आधीपासून होतंच. बाळ जन्मलं की पहिलं विचारतात, मुलगा की मुलगी, आणि दुसरं विचारतात, रंग कुणावर गेला? लग्नाच्या बायोडाटात मुलगी सावळी असली तरी 'वर्ण' या शब्दापुढे आपण 'निमगोरा' लिहितो. विठोबा सावळा चालतो, सून मात्र उजळ पाहिजे. कंपन्यांनी आपल्या मनातली ही जागा बरोबर हेरली आणि तिथे दुकान टाकलं.

'फेअर अँड लव्हली' हे क्रीम हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या बऱ्याच जाहिरातींची गोष्ट एकच असायची. सावळी मुलगी उदास, तिचं लग्न जमत नाही किंवा नोकरी मिळत नाही. मग ती क्रीम लावते, गोरी होते आणि सगळं मिळतं. एका जाहिरातीत तर घरची ओढाताण बघून बाप म्हणतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. मग मुलगी क्रीम लावून हवाई सुंदरी होते. त्या मुलीला शिक्षण, मेहनत, हुशारी काही होतं की नाही, याचा पत्ताच नाही! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. पुढे २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने नियम केला की, रंग सावळा म्हणून कोणी दुःखी, मागासलेलं किंवा लग्नाला नालायक आहे, असं दाखवायचं नाही. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द गेला आणि 'ग्लो' आला.

शब्द बदलला, पण आपल्या पोरींच्या डोक्यातलं गेलं का? आता तर जाहिरात टीव्हीवर यायची वाट बघावी लागत नाही. मोबाईलचा कॅमेराच फोटो काढताना चेहरा गोरा आणि गुळगुळीत करून देतो. मुलगी तो फोटो बघते, मग आरसा बघते आणि आरशातली स्वतःच तिला खोटी वाटायला लागते. जाहिरात अशीच काम करते. आधी आपल्याला आपल्यातलं काहीतरी उणं दाखवते, मग त्या उण्यावर डबी विकते. आणि उणेपण संपलं तर डबी खपणार नाही, म्हणून ते कधी संपू देत नाही.

आता हिशोब करू. समजा, एक बाई आठवड्याला १० रुपयांची पुडी घेते. वर्षाचे झाले ५२० रुपये. दहा जणींचे ५,२०० रुपये. महिना १०० रुपये भरणाऱ्या दहा जणींच्या गटाची ही पाच महिन्यांच्या बचतीहून जास्त रक्कम आहे. नटू नका, असं मी म्हणत नाही. पावडर, टिकली, गजरा ही आपली हौस आहे आणि ती असावी. हौसेने खर्च करणं वेगळं, लाजेपोटी करणं वेगळं.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती तब्येतीची. आपल्या कातडीत रंग तयार होतो तो उन्हापासून रक्षण करायला. पठारावर कांदा लावताना, खुरपताना, काढताना दिवसभर ऊन अंगावर घ्यायचं, तर कातडी काळवंडणारच. गालावर वांग येतात ते उन्हाने, बाळंतपणात, काहींना गोळ्यांमुळे. जन्माचा रंग कायमचा बदलणारं क्रीम नाही. मग "सात दिवसांत गोरेपण" देणाऱ्या डबीत असतं काय? काहींमध्ये पारा असतो. तो कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला, इजा करतो.

आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट आहे. अकोल्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी स्थानिक क्रीम लावू लागली. चेहरा उजळला, चारचौघींनी कौतुक केलं, म्हणून तिची आई आणि बहीणही लावू लागल्या. २०२२ मध्ये तिघींच्याही किडनीला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना किडनीच्या एका खास आजाराचे १५ रुग्ण आढळले, त्यातले १३ जण असं क्रीम लावत होते. आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये एका किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा नसावा असा नियम आहे. पण ज्या डबीवर कारखान्याचं नावच नाही, तिला नियम कोण लावणार?

दुसरा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा. वांग आले की शेजारीण सांगते, "अमुक ट्यूब आण, आठ दिवसांत जातात." त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं ट्यूबवर बारीक अक्षरात असतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पहिले काही दिवस चेहरा छान दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, केस वाढतात. बंद केलं की त्रास आणखी वाढतो, म्हणून बाई परत तीच ट्यूब आणते. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना दाखवून मगच बंद करा.

आता विक्रीचं. साधारण २००१ च्या सुमारास हिंदुस्थान लिव्हरने 'शक्ती' नावाचा प्रकल्प नलगोंडा जिल्ह्यात बचत गटांच्या बायकांना घेऊन सुरू केला, तो पुढे देशभर पसरला. बायका घरोघरी साबण, शाम्पू, क्रीम विकू लागल्या. त्यातून बाईच्या हातात चार पैसे आले, हे चांगलंच. पण कंपन्यांना कळलं की, गावात टीव्हीपेक्षा ओळखीच्या बाईचा शब्द जास्त चालतो. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक आहातच, आणि जाहिरातही तुम्हीच आहात. उद्या बिनपत्त्याच्या डबीने एखादीची किडनी बिघडली, तर कमिशन देणारा सापडणार नाही. लोक गटाच्याच दारात येतील.

म्हणून बैठकीत मी चार गोष्टी मांडल्या. तुमच्या गटातही त्यावर बोला आणि पटलं तर ठरावाच्या वहीत लिहा.

एक. कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि आतले घटक छापलेले नसतील, असं कोणतंही क्रीम गट विकणार नाही. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा.

दोन. क्रीम लावणाऱ्या बाईचं तोंड किंवा पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर लगेच दवाखान्यात जायचं आणि डबी सोबत न्यायची.

तीन. पावती घ्यायची आणि जपायची. दिल्लीत एका ग्राहकाने २०१३ मध्ये ७९ रुपयांचं पुरुषांचं गोरेपणाचं क्रीम घेतलं. रंग उजळला नाही म्हणून तो ग्राहक मंचात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये मंचाने इमामी कंपनीला साडेचौदा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. फसव्या जाहिरातीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही करता येते. संशयास्पद क्रीमची माहिती अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नंबरवर द्यायची.

चार. बायोडाटातली 'वर्ण' ही ओळ आपल्या घरापासून काढायची. तिच्या जागी मुलगी काय शिकली, काय कमावते, तिला काय येतं, ते लिहायचं.

चौथी गोष्ट मांडल्यावर एक मावशी म्हणाल्या, "समोरच्यांनी विचारलं तर?" मावशी, विचारू देत. मुलगी समोर बसलेली असते, त्यांना डोळे आहेत. आपण आपल्या हाताने ते लिहिणं थांबवलं, तर निदान आपल्या लेकीला कळेल की, घरात तिच्या रंगाची कोणाला लाज वाटत नाही.