दर्ग्याचा उंबरठा आणि महाविद्यालयाचे फाटक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



हिजाबच्या प्रश्नावर आपण कोणत्या बाजूचे, एवढ्या सरळ प्रश्नाचे उत्तर आज मजकडून अपेक्षित आहे. प्रश्न सरळ आहे खरा. परंतु ज्या मुलीच्या डोक्यावरील वस्त्राविषयी तो विचारला जातो, ती मुलगीच त्यात कोठे दिसत नाही. म्हणून दोन घटना मी आपल्यासमोर शेजारी-शेजारी ठेवतो. एक मुंबईच्या दर्ग्यातील आहे, दुसरी कर्नाटकातील उडुपीची.

हाजी अलीच्या दर्ग्यात स्त्रिया पूर्वापार मजारीपर्यंत जात असत. २०११-१२च्या सुमारास विश्वस्तांनी त्यांना आत जाण्यास मनाई केली. पुरुष संताच्या मजारीजवळ स्त्रीने जाणे हे पाप होय, असे कारण देण्यात आले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज व झकिया सोमण यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने ही मनाई राज्यघटनेच्या १४, १५ व २५ या अनुच्छेदांचा भंग करणारी ठरविली आणि २९ नोव्हेंबरला स्त्रियांनी पुन्हा आत पाऊल टाकले. या स्त्रिया धर्माकडे पाठ फिरवून निघालेल्या नव्हत्या. त्यांना दर्ग्यातच जायचे होते.

उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व कन्या महाविद्यालयात डिसेंबर २०२१च्या अखेरीस सहा विद्यार्थिनींना डोक्यावर वस्त्र असल्याच्या कारणावरून वर्गाबाहेर ठेवण्यात आले. पाहता पाहता अन्य गावीही भगवी उपरणी गळ्यात घातलेले जथे महाविद्यालयांच्या दारांशी उभे राहिले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने गणवेशाचा आदेश काढला आणि १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. पुढे १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी बंदी मान्य केली. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी ती रद्द ठरविली आणि मुलींच्या शिक्षणाचा विचार आपल्या मनात प्रथम होता, असे नमूद केले.

आता या दोन्ही घटनांत काय समान आहे ते पाहा. दोन्हीकडे मुस्लिम स्त्री एकच गोष्ट सांगते आहे : माझा धर्म मी कसा पाळावा, हे ठरविण्यात मला स्थान आहे. पहिल्या वेळी हे विश्वस्तांना ऐकवायचे होते, दुसऱ्या वेळी सरकारला. पहिल्या वेळी आपण टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या वेळी आपल्यातील अनेकांची जीभ अडखळली. अत्यावश्यक भागाचा हा गजही विचित्र आहे. हाजी अलीच्या प्रकरणात तोच लावून दार उघडले गेले, उडुपीच्या प्रकरणात तोच लावून ते बंद झाले. कारण तो ग्रंथ मोजतो, मुलीला मोजत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ही निवड खरोखर तिची आहे काय? घरातील वडीलधाऱ्यांचे दडपण, मोहल्ल्याची नजर, मौलवींचा उपदेश यांतून जे मस्तकावर येते त्याला स्वातंत्र्य कसे म्हणावे? पडद्याच्या प्रथेत पुरुषी सत्तेचा वारसा आहे, हे मला मान्य आहे. तो वारसा अनादीही नाही. लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन शेतात राबणारी आजी कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांनी पाहिली आहे. नात मात्र महाविद्यालयात जाते आणि हिजाब घालते. काहींच्या बाबतीत तो धाक आहे, काहींच्या बाबतीत श्रद्धा. आणि समाज संशयाच्या नजरेने घेरला गेला म्हणजे तो स्वत्वाची खूणही होतो. बाहेर उभे राहून यातले काय कोणाच्या मनात आहे हे आपण ओळखू शकत नाही. परंतु दडपण असेलच, तर त्यावरचा उपाय काय? ज्या घरात दडपण आहे त्याच घरात तिला परत पाठविणे, हा तो उपाय खचित नव्हे.

इराणचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९३६ मध्ये रझाशहाने फर्मान काढून स्त्रियांचा पडदा पोलिसांकरवी उतरविला. तेव्हा कित्येक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९च्या क्रांतीनंतर सत्ता उलटली आणि १९८३ मध्ये तोच पडदा कायद्याने सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी पोशाखाच्या नियमाखाली पकडली गेली आणि कोठडीत असताना मरण पावली. मग सारा देश पेटला. उतरविणारे व चढविणारे हे दोघेही एकाच गोष्टीविषयी निःशंक होते, ती ही की स्त्रीला विचारण्याचे कारण नाही.

हे सारे महाराष्ट्रापासून दूर आहे असे समजू नका. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी यांना आवारात बंदी केली. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने वर्गातील बुरख्याचा अपवाद ठेवून या बंदीला स्थगिती दिली. धर्म दिसू नये असे म्हणता, तर मुलींच्या नावांवरूनही तो कळत नाही काय, असा सवाल न्यायमूर्तींनी केला. शिवाय सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले आहे, की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी अवघी तीनेक टक्के मदरशांत जातात. बाकीच्यांची सारी भिस्त आपल्या सर्वांच्याच शाळा-महाविद्यालयांवर आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मुखी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध तो होता. मुखी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे ५१ वर्षांनी, आणि तोही शायरा बानो व तिच्यासारख्या अन्य स्त्रिया स्वतः न्यायालयात उभ्या राहिल्या म्हणून. अर्ज लिहिणारी, कायदा वाचणारी, सवाल करणारी स्त्री शिक्षणातून घडते. ती डोके झाकून शिकली की उघड्या डोक्याने, हा प्रश्न दुय्यम आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे ते असे. वस्त्रासाठी मुलीला फाटकाबाहेर ठेवले गेले, तर तिच्या बाजूने उभे राहा. उद्या तीच मुलगी, किंवा तिची बहीण, हिजाब उतरवू म्हणाली आणि घर वा मोहल्ला तिच्यावर उठला, तर त्याच जोराने तिच्याही बाजूने उभे राहा. पहिले काम केले आणि दुसरे टाळले, तर आपण मौलवींचे हस्तक ठरू. दुसरे केले आणि पहिले टाळले, तर मशिदीचा द्वेष करणाऱ्यांच्या पंक्तीला बसू. दोन्ही करताना शिव्या दोन्हीकडून मिळतील, याची तयारी असू द्या. आणि पुढील अभ्यासवर्गात या विषयावर बोलायला माझ्याऐवजी महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुस्लिम मुलींना बोलवा : एक हिजाब घालणारी, एक न घालणारी. त्या बोलतील तेव्हा आपण ऐकू.